एका तासापुरती पाचवी

आमच्या गल्लीत तिला सगळे टाचणी म्हणतात. पाठीमागे नाही, तोंडावर म्हणतात, आणि ती ओ देते. कारण उघड आहे. तिच्या ओठांच्या डाव्या कोपऱ्यात कायम टाचण्या धरलेल्या असतात आणि उरलेल्या उजव्या कोपऱ्यातून ती बोलते. त्यामुळे तिचं बोलणं मोजकं, कापून काढल्यासारखं. "हात वर." "सरळ उभा राहा." "पोट आत ओढून माप देऊ नकोस, मग बटण तुटलं की माझ्या नावाने रडशील." पण टाचणीने तोंडातल्या टाचण्या काढून मनगटावरच्या उशीत खोचल्या, की समजावं, आता ती खरं बोलणार आणि समोरच्याची धडगत नाही.

शाळेच्या फाटकासमोर युनिफॉर्मचं दुकान आहे. गल्ल्यावर मालक, भिंतीला कापडाचे ताके, आणि रस्त्याकडच्या काचेशी टाचणीची मशीन. उजेड तिथे चांगला येतो म्हणून तिने ती जागा भांडून घेतली. त्या काचेतून शाळेचं फाटक दिसतं आणि वरच्या मजल्याची सगळी गॅलरी दिसते. शाळेतली निम्मी पोरं तिने शिवलेल्या कपड्यात फिरतात, आणि ती काचेतून नुसत्या पाठीवरून ओळखते कोण कुणाचं ते.

तिची एक खोड आहे. कुठलाही कपडा शिवला की आत दोन बोटं कापड जास्त दुमडून ठेवते, पुढे उसवून लांब करता यावा म्हणून. मालक रोज चिडतो. "बाई, कापड काय आभाळातून पडतं?"

"मालक, कापड वाढत नाही," ही टाचण्यांच्या मागून म्हणते. "पोरं वाढतात."

माझ्या मोर्च्यांचे फलकही तीच शिवून देते. पाण्याच्या टाकीसाठी आम्ही बायका रस्त्यावर बसलो होतो, तेव्हाचा फलक अजून माझ्याकडे आहे. त्यालाही आत दोन बोटं दुमड! मी म्हटलं, "अगं बाई, फलक काय वाढणार आहे?"

"मागण्या वाढतात तुमच्या, ताई," ती म्हणाली.

अशी बाई. तिच्या मुलीची ही गोष्ट आहे, पण खरं तर तिचीच आहे. मुलीच्या हुशारीचं कौतुक करायला शंभर लोक येतील. त्या हुशारीला बसायला जागा कोणी शोधली, ते मला सांगायचंय.

मुलीला घरात कावळी म्हणतात. हे नाव बापाने ठेवलं, कारण उठल्यापासून झोपेपर्यंत ती 'का? का?' करायची. बाप लिफ्ट दुरुस्त करतो. शांत माणूस, बोटांना कायम ग्रीस. लिफ्ट बंद पडली की लोक शिव्या देतात आणि चालू झाली की कुणी आभार मानत नाही, त्यामुळे त्याचा मानवजातीवर फारसा भरवसा नाही. पण मुलगी म्हटली की विरघळतो.

कावळी दुसरीत. शाळा सुटली की दुकानात कटिंगच्या टेबलाखाली तिचा संसार. तिथे ती बटणं लावायची: आधी रंगाने, मग भोकांनी, मग स्वतःच काढलेल्या कसल्या तरी नियमाने, जो ओळखायचं काम आमचं. मला तो नियम कधी ओळखता आला नाही आणि दर वेळी तिला माझी फार दया यायची. "मावशी, थोडं सोपं देऊ का?" असं विचारायची कार्टी. ताक्यांवरच्या चिठ्ठ्या वाचत वाचायला शिकली, टेपवर मोजायला. एकदा आईची टेप हातात घेऊन म्हणाली, "यावर एक आहे, दोन आहे. शून्य का नाही?"

टाचणी कापड कापत होती. "शून्य पहिल्या टोकाला असतं. लिहीत नाहीत."

"का?"

"तिथे पत्र्याची पट्टी असते म्हणून."

"मग शून्याच्या मागे काय असतं?"

टाचणीने कात्री थांबवली. "मागे माझा हात असतो," ती म्हणाली, आणि दोघी हसल्या. पण मी पाहिलं, पोरगी हसून झाल्यावरही टेपच्या त्या टोकाकडे बघत बसली होती. तिचं समाधान झालं नव्हतं. मला ते फार आवडलं. माझंही आयुष्यात कशानेच समाधान झालेलं नाही.

मग हळूहळू काहीतरी बिघडलं. सकाळी पोटात दुखायला लागलं. सुट्टीच्या दिवशी दुखायचं नाही. डॉक्टरने पोट दाबून पाहिलं आणि म्हणाला, पोट छान आहे. टेबलाखालची बटणं डब्यात पडून राहिली. एका संध्याकाळी मी फलकाचं कापड घेऊन दुकानात गेले, तर टाचणीने माझ्याकडे पाहिलं आणि एकेक करून टाचण्या उशीत खोचायला लागली. मला वाटलं, आता माझं काय चुकलं!

"ताई," ती म्हणाली, "ही का म्हणत नाही."

"काय म्हणत नाही?"

"का. का म्हणत नाही. आठवडा झाला असेल. आधी वाटलं, बरं झालं, घर शांत झालं. आता ती शांतता ऐकवत नाही मला."

कावळीला मी शेजारी बसवलं आणि खोदून विचारलं. पोलिसांनी मला इतक्यांदा खोदून विचारलंय की ती कला मलाही येते. निघालं ते असं. वर्गात बेरजा दिल्या की हिच्या लगेच होतात. मग वर्गाच्या बाई म्हणतात, झालं ना, मग फळा पूस. फळा पुसून झाला की वह्या वाट. वह्या वाटून झाल्या की तोंडावर बोट ठेवून बस. प्रश्न विचारला की, "हे तुला पुढच्या वर्षी आहे." पोरगी मला म्हणाली, "मावशी, मी आता बेरजा सावकाश करते. मग फळा पुसावा लागत नाही."

माझ्या डोक्यात जाळ झाला. सात वर्षांच्या लेकराने शिकायचं ते काय शिकलं, तर कामचुकारपणा! तोही शाळेने शिकवलेला! मी म्हटलं, "उद्याच मोर्चा. फलक तयारच आहे."

"मोर्चा नको," टाचणी म्हणाली. "अजून माप घेतलेलं नाही. माप न घेता तुम्ही कापायलाच निघालात."

ती वर्गाच्या बाईंना भेटली. मी फाटकाबाहेर थांबले, कारण आत येऊ नका असं मला हात जोडून सांगितलं होतं. बाई वाईट नाहीत. एका खोलीत पन्नासच्या आसपास पोरं, कुणाला अजून अक्षर लागत नाही, कुणी शेजाऱ्याला चावतो. त्या म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे, मग काळजी कसली? ज्यांची मागे आहेत ती रडत येतात माझ्याकडे. तुम्ही ती पुढे आहे म्हणून रडता?"

बाहेर येऊन टाचणी म्हणाली, "बरोबर आहे त्यांचं. पण घट्ट कपडा काय आणि ढगळ कपडा काय, पोर अडखळतंच ना?"

मग सुरू झाली वणवण. शनिवार आला की टाचणी मशीनवर कापड झाकायची, कावळीचा हात धरायची, आणि तिसरी मी, आगंतुक. आधी गेलो झटपट गणिताच्या क्लासला. तळमजल्यावर एक खोली, भिंतीवर बक्षिसांचे फोटो, आणि वीस पोरं हवेत बोटं नाचवत एकसुरात ओरडतायत. एखाद्या बँडचा मास्तर पळून गेलाय आणि बँड चालूच आहे असं वाटत होतं. कावळीने थोडा वेळ पाहिलं आणि शिकवणाऱ्या बाईंना विचारलं, "हे असं केल्यावर उत्तर बरोबर का येतं?" बाई गोड हसल्या. "बाळा, इथे का विचारायचं नाही. इथे पटापट." कितीतरी दिवसांनी आलेला पहिला 'का', आणि तो त्या बाईंनी दारातच मारला. टाचणीने तिथल्या तिथे पोरीचं दप्तर उचललं. बाई मागून सांगत राहिल्या, पहिला महिना फुकट आहे. मी वळून म्हटलं, "महागात पडेल." हे मला वेळेवर सुचलं याचा मला आजही आनंद आहे.

मोठ्या संग्रहालयात विज्ञान मंडळ भरतं असं कळलं. तिथे दारातच सांगितलं, दहा वर्षांच्या खाली नाही. मी म्हटलं, "डोक्याचं वय बघता की दातांचं?" तिथला मुलगा बिचारा नोकरीला नवा होता, घाबरून म्हणाला, "काकू, अ‍ॅसिड असतं हो आत." मी गुपचूप पोरीला दारापासून मागे ओढलं.

सार्वजनिक वाचनालयात मात्र नशीब उघडलं. तिथल्या बाईंनी मुलांचं कार्ड केलं आणि कावळी लहान मुलांचं कपाट सोडून मोठ्यांच्या कपाटापाशी मान वाकडी करून नावं वाचत उभी राहिली, तेव्हा त्यांनी तिला अडवलं नाही. नुसतं एक स्टूल आणून दिलं. त्या स्टुलासाठी मी त्यांना जन्मभर दुवा देईन. मधमाश्या, ग्रह, पूल कसे बांधतात, असं काय काय घरी येऊ लागलं. बाप संध्याकाळी ग्रीसची बोटं लांब धरून तिच्याकडून पान उलटवून घ्यायचा आणि ऐकत बसायचा.

मी म्हटलं, झालं काम! पण टाचणीचं समाधान नाही. "ताई, पुस्तकं संध्याकाळची. सकाळचं काय? दिवसाचा चांगला उजेड ती तिथे घालवते. पोटात अजून दुखतंच."

म्हणून शेवटी मोठ्या बाईंकडे, म्हणजे मुख्याध्यापिकांकडे. या वेळी मी आत गेले. टाचणीचा नवराही सुट्टी काढून आला, धुतलेला शर्ट घालून. मोठ्या बाईंनी ऐकून घेतलं. तडफदार बाई, चष्म्यावरून बघणारी. त्या म्हणाल्या, "वरच्या वर्गाची परीक्षा घेते. पास झाली तर उचलून चौथीत टाकू. दोन वर्षं वाचतील."

मी खुर्चीतच सरसावले. दोन वर्ग एका उडीत! माझ्या मनात तर मिरवणूक निघालीसुद्धा होती. पण नवरा घसा साफ करून म्हणाला, "बाई, लिफ्ट मधले मजले गाळून वर जाते. त्यात काही नाही. पण दार उघडल्यावर समोर जमीन हवी."

"म्हणजे?"

म्हणजे काय ते टाचणीने सांगितलं. "गणितात ती पाचवीची आहे. पळापळीत दुसरीची. तिच्या बुटाची नाडी अजून मी बांधते. तिची बाकावरची मैत्रीण आहे, दोघी डबा उघडला की आधी एकमेकींच्या डब्यात बघतात. चौथीत तिच्या डब्यात कोण बघेल? खांदा एका मापाचा, बाही दुसऱ्या मापाची. सगळा कपडा एकाच मापाने कापला तर कुठेतरी फाटणारच. गणिताच्या तासाला तेवढं तिला पाचवीत बसू द्या. बाकी दिवस आपल्या वर्गात."

मोठ्या बाई म्हणाल्या, "असा नियम नाही."

मी तोंड उघडलं, तर टेबलाखालून टाचणीने माझा पाय दाबला.

"आणि वेळापत्रक म्हणजे काय तुमचा फ्रॉक आहे?" मोठ्या बाई पुढे म्हणाल्या. "इथे सैल केला, तिथे घट्ट केला?"

टाचणीच्या कॉलरला सवयीने एक टाचणी खोचलेली होती. ती तिने काढली आणि समोरच्या कागदांवर आडवी ठेवली. "हो बाई," ती म्हणाली. "फ्रॉकच आहे. पोरं त्यात दिवसभर राहतात."

मोठ्या बाई त्या टाचणीकडे बघत राहिल्या. मग हसल्या. शिपायाला सांगून पाचवीच्या गणिताच्या सरांना बोलावलं.

सर निवृत्तीला टेकलेले, हातभर खडू माखलेले. त्यांनी तिथेच कावळीला उभं करून गणितं विचारली. एक झालं, दुसरं झालं. सर चढवत गेले, ही सोडवत गेली. मग त्यांनी एक असं घातलं की ती थांबली. ओठ मुडपले, छताकडे पाहिलं, बोटं मोजली, परत छताकडे पाहिलं.  आणि पोरीचं तोंड असं उजळलं की काय सांगू! आईकडे वळून ओरडली, "आई! हे मला येतच नाही!"

परीक्षेत नापास झाल्याचा एवढा आनंद मी कुणाच्या तोंडावर पाहिलेला नाही. सर मोठ्या बाईंना म्हणाले, "पाठवा. पण रडली तर गप्प करायला मला जमणार नाही, आधीच सांगतो." मोठ्या बाई म्हणाल्या, "महिनाभर बघू. रमली तर राहील, नाही रमली तर प्रयोग बंद. मग पुन्हा माझ्याकडे यायचं नाही." आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही तर नाहीच."

आता टाचणीची चूक ऐका. ही चूक शिंपिणीशिवाय कुणी केली नसती.

या शाळेत चौथीपर्यंत बिनबाह्यांचा फ्रॉक, आणि पाचवीपासून स्कर्ट आणि कॉलरचा शर्ट. टाचणी जन्मभर लोकांच्या पोरींना पाचवीचा शर्ट चढवत आली. नवी कॉलर बसली की पोरगी कशी मान ताठ करते ते तिने काचेसमोर शेकडो वेळा पाहिलं होतं. तिला वाटलं, माझ्याही पोरीची मान ताठ व्हावी. तिने सगळं काम बाजूला सारून कावळीच्या मापाचा पाचवीचा युनिफॉर्म शिवला. एवढीशी कॉलर, एवढ्याशा चुण्या. इतकी सुबक शिलाई की मालक कुरकुर विसरला. मी म्हटलं, "कलेक्टरीण दिसते!" आणि सोमवारी सकाळी पोरीला त्याच कपड्यात शाळेत पाठवलं. दिवसभर तोच राहणार ना, मध्येच बदलणार कुठे!

दुपारच्या आत शाळेतून बोलावणं आलं. मुलगी सापडत नाही.

मी आणि टाचणीने रस्ता कसा ओलांडला देव जाणे. मागून मालकही कात्री हातात घेऊन धावला, ती ठेवायचं भान नव्हतं त्याला. आत गेलो तोवर शिपायाला ती सापडली होती. जिन्याच्या वळणावर, खालच्या आणि वरच्या मजल्याच्या मध्ये, दप्तर पोटाशी धरून बसली होती. खाली दुसरी, वर पाचवी. सकाळी खालच्या वर्गात गेली तर बाकावरची मैत्रीण म्हणाली, "तू आता आमची नाहीस?" आणि सरकून बसली. तासाला वर गेली तर पाचवीच्या मुली कॉलरला हात लावून म्हणाल्या, "अय्या, बाहुली!" मग ती ना वर गेली ना खाली.

मोठ्या बाई जिन्यात उभ्या. "मी म्हटलं होतं. या वयात हे झेपत नाही. आजपासून बंद."

"अशा कशा बंद करता?" मी सुरू झाले. "महिना म्हणाला होतात! शब्द दिलात! चार चिमुरड्या हसल्या म्हणून तुम्ही..." जिन्यात माझा आवाज घुमत होता, वर्गांच्या खिडक्यांत डोकी गोळा झाली होती. आणि टाचणी माझ्याकडे बघतच नव्हती. ती पोरीच्या शेजारी पायरीवर बसली होती आणि त्या कॉलरकडे बघत होती.

तेवढ्यात बाप आला. निरोप मिळताच कामावरून तसाच, पट्ट्याला नट खोलायचे पाने लटकलेले. त्याने सगळं ऐकलं, आणि कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाला, "दोन मजल्यांत लिफ्ट अडकली की लोक म्हणतात वर ओढा, वर ओढा. वर ओढायचं नसतं. आधी जवळच्या मजल्याला आणायचं. दार उघडायचं. मग बघायचं."

टाचणीने मान हलवली. तोंडात टाचण्या नव्हत्या, तरी सवयीने तिचा हात ओठाकडे गेला. ती उठली आणि मोठ्या बाईंना म्हणाली, "बाई, चूक मुलीची नाही, तुमच्या प्रयोगाचीही नाही. कपड्याची आहे. तुम्ही तिला एक तास दिलात. मी अख्खी पाचवी अंगावर चढवली. माझ्या मिजाशीचं माप घेतलं मी, तिचं घेतलंच नाही. ही शिलाई मी उसवते. महिना तेवढा उसवू नका."

शाळेतली एवढी पोरं, शिपाई, सर, खाली वर्गाच्या बाई, सगळ्यांसमोर बोलली ती. मी आयुष्यात कितीतरी पुढारी माईकसमोर पाहिले. त्यातल्या एकालाही हे एक वाक्य जमलं नसतं. सरळ उभी होती आणि आवाज कापत नव्हता. मला त्या क्षणी तिचा एवढा अभिमान वाटला की मी चक्क गप्प बसले.

मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला. "उद्या," एवढंच म्हणाल्या.

त्या दुपारी दुकानात टाचणीने कात्रीच्या टोकाने तो युनिफॉर्म टाका टाका उसवला. मालक हळहळला, "अहो, निदान काचेत लावू, नमुना म्हणून." तिने ऐकलं नाही. स्कर्टच्या कापडाची एक खांद्याची पिशवी शिवली, शर्टाच्या कापडाचा आत कप्पा केला. पाचवीचं पुस्तक त्यात बसत होतं. कावळी टेबलाखालून बघत होती.

"पिशवी रिकामी केली की मी कुठली?" तिने विचारलं.

"आमची," टाचणी म्हणाली. "अंगावर तुझा फ्रॉकच राहील. पाचवी खांद्याला. तास झाला की उतरवायची."

दुसऱ्या दिवशी ती आपल्या फ्रॉकात गेली. आणि एक गोष्ट वर्गाच्या बाईंनी स्वतःहून केली, ती त्यांच्या नावावर लिहिलीच पाहिजे. त्यांनी बाकावरच्या मैत्रिणीला सांगितलं, "तू हिला वर सोडून ये. आणि तास संपला की आणायलाही तूच जायचं. विसरलीस तर ही वरच राहील हं." झालं! सरकून बसलेली मैत्रीण एकदम राखणदार झाली. पिशवीचा एक बंद हिच्या हातात, एक तिच्या. पाहता पाहता आणायला एकीच्या जागी चार जणी जायला लागल्या, आणि मग चावणारा मुलगासुद्धा.

वर काय चाललं होतं ते आम्हाला काचेतून थोडं दिसायचं, बाकी कावळी सांगायची. पहिले दिवस ती नुसती बसली. बाहुली म्हणणाऱ्या मुली होत्याच. मग एके दिवशी सर मापनाचा धडा घेत होते आणि हिने हात वर केला.

"सर, आईच्या टेपवर शून्य लिहिलेलं का नाही? आणि शून्याच्या मागे काय असतं?"

पाचवीतली पोरं हसली म्हणे. सर हसले नाहीत. त्यांनी खडू घेतला, खाली बसले, गुडघे कुरकुरले, आणि वर्गाच्या जमिनीवर फळ्यापासून दारापर्यंत सरळ रेघ ओढली. मग तिच्यावर आकडे टाकत दाराकडे आले, मोठ्याकडून लहानाकडे. उंबरठ्याशी शून्य आलं. सर म्हणाले, "इथे शून्य. आता सांगा, रेघ इथे का थांबवायची?" सगळा वर्ग बोलायला लागला. बाहुली म्हणणारी मुलगीच म्हणाली, "दार उघडंच आहे की, सर!" आणि सरांनी रेघ दाराबाहेर गॅलरीत नेली. उणे एक, उणे दोन, उणे तीन, थेट जिन्यापर्यंत.

मी त्या वेळी दुकानातच होते, बाह्यांचं माप द्यायला. मला उणे वगैरे काही ठाऊक नव्हतं, आकडे नंतर कावळीने सांगितले. एवढंच दिसलं की म्हातारे सर गॅलरीत रांगतायत आणि मागून पाचवी रांगतेय. मालक म्हणाला, "सरांचं काही हरवलं वाटतं." टाचणी काचेशी उभी. मग तास संपला, जिन्यावरून दुसरीची टोळी कावळीला न्यायला वर आली, आणि आली ती थेट त्या उण्या आकड्यांत. हे काय, हे काय, करत एकेकजण एकेका आकड्यावर उभा राहिला. कावळी उंबरठ्याच्या शून्यावर, एका बाजूला पाचवी, दुसऱ्या बाजूला दुसरी, आणि ती हात फिरवून ओरडतेय, "तू उणे चार! दोन उड्या माझ्याकडे मार, तू आता उणे दोन!" पोरं उड्या मारतायत. पाचवीची पोरंही बाहेर येऊन मारायला लागली.

तेवढ्यात मोठ्या बाई गॅलरीत आल्या.  महिना अजून संपला नव्हता, आणि सगळी गॅलरी खडूने माखलेली, मासळी बाजारासारखा गोंगाट. बाई चालत चालत आल्या आणि रेघेवर थांबल्या. कावळीने त्यांच्या पायांकडे बोट दाखवून काहीतरी सांगितलं. बाईंनी खाली पाहिलं, काहीतरी उत्तर दिलं, आणि सगळी गॅलरी हसली. नंतर कळलं. ही म्हणाली होती, "बाई, तुम्ही उणे सहावर उभ्या आहात." आणि बाई म्हणाल्या होत्या, "चला, कुणीतरी माझं वय कमी केलं."

खडू पुसायचं काम नेहमीसारखं कावळीला लागलं नाही. सगळ्यांनी मिळून पुसलं.

महिना झाल्यावर मोठ्या बाईंनी बोलावलं नाही, तेव्हा टाचणी स्वतःच विचारायला गेली. बाई म्हणाल्या, "कसला प्रयोग? तो आता तास आहे." आता तिसरीतला एक मुलगा चित्रकलेच्या तासाला सातवीत जातो आणि चौथीतली एक मुलगी वाचनाच्या तासाला खालच्या वर्गात बसते. तिची आई आधी लाजत होती. टाचणीने तिला मापाला उभं केलं, टाचण्या उशीत खोचल्या आणि काय सांगितलं कुणास ठाऊक, ती बाई ताठ मानेने गेली. मी इतकी वर्षं घोषणा देऊन शाळेचा एक नळ बदलून घेतला. या बाईने एक घोषणा न देता वेळापत्रकाला दोन बोटं दुमड घालून घेतली. तो नळही आता गळतो. असू दे.

परवा मी नव्या फलकाचं कापड घेऊन गेले. कावळी टेबलाखाली, बटणं पसरलेली. टाचणीच्या तोंडात टाचण्या, हातात कुणाची तरी बाही.

"आई, शून्याच्या मागे उणे असतात, ते कळलं. पण ते कुठे संपतात?"

"हं," टाचणी म्हणाली.

"संपतच नाहीत असं सर म्हणाले. का संपत नाहीत? आई! का?"

टाचणीने बाही खाली ठेवली. एकेक टाचणी काढून उशीत खोचली, सावकाश. मी सवयीने दोन पावलं मागे सरले. आणि ती वाकून टेबलाखाली शिरली, अख्खी, पायांसकट, बटणांच्या पसाऱ्यात बसली आणि म्हणाली, "मला माहीत नाही गं. तू सांग. पहिल्यापासून सांग."

मालक गल्ल्यावरून ओरडला, "बाई, गिऱ्हाईक उभं आहे!"

मी म्हटलं, "मालक, उभं राहू दे. इथे 'का' चालू आहे."